न्हाणीतलं न्हाणीत

हौसाबाई सकाळी साडेनऊला यायच्या आणि न्हाणीत शिरण्याआधी उजव्या हातातली चांदीची पाटली काढून नळाच्या तोटीला अडकवायच्या. मग कमरेच्या पिशवीतून एक चेपलेली पितळी वाटी निघायची. मालिशचं तेल त्याच वाटीत गरम व्हायचं. आमच्या लग्नात आहेर म्हणून स्टीलच्या वाट्या इतक्या आल्या होत्या की पुढे आम्ही त्या इतरांच्या लग्नांत देऊन संपवल्या. पण त्यातली एकही हौसाबाईंच्या पसंतीला उतरली नाही. आईने एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "ही वाटी कुनाच्याच घरची न्हाई. म्हनून बरी."

तेव्हा हडपसरला आमच्या खिडकीतून ऊस दिसायचा. हौसाबाई त्या उसामागच्या वस्तीतल्या. घरी शेती होती, दोन मुलं भाजी घेऊन बाजारात जायची आणि ह्या बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालायच्या. कॅनॉलपासून सोलापूर रस्त्यापर्यंत जी पोरं दप्तर घेऊन शाळेत जाताना दिसायची, त्यातली निम्मी तरी त्यांच्या पायांवरून गेलेली असायची. पाटावर बसून पाय लांब करायच्या, लुगडं गुडघ्यापर्यंत घ्यायच्या आणि बाळाला नडग्यांवर पालथं घालायच्या. पाणी किती कढत आहे ते हाताने कधी बघितलं नाही, कोपर बुडवायच्या. हात कामाने निबर झालेला असतो, तो खोटं सांगतो, कोपराला खरं कळतं, असं त्यांचं म्हणणं. कुठल्याही बाळाला सुंदर म्हणत नसत. सगळीच 'माकडं'. आमच्या मुलीला, ती जरा अशक्त होती म्हणून, 'वाळकं माकड' अशी बढती मिळाली होती.

मला त्यांनी पहिले आठ दिवस बाळाला हात लावू दिला नाही. आधी बाजरीच्या पिठाची पिशवी घेऊन फिरायला लावलं. मी पिशवी छातीशी धरून हॉलमध्ये येरझाऱ्या घालायचो आणि त्या न्हाणीच्या दारातून बघायच्या. तिसऱ्या दिवशी पिशवी फुटली. मी डोक्यापासून पायापर्यंत बाजरी. त्यांनी शांतपणे केरसुणी माझ्या हातात दिली आणि शुभाला, माझ्या बायकोला, म्हणाल्या, "पोरी, ह्यांच्याकडं माकड देऊ नगं. ह्यांच्या हातात काय ऱ्हात न्हाई."

हे वाक्य किती खरं होतं ते कळायला मला फार दिवस लागले नाहीत.

पण त्यांची खरी ख्याती मालिशची नव्हती, तोंड बंद ठेवण्याची होती. मालिशवाली बाई म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक घराचं आतलं दार तिला उघडं. कुणाच्या सुनेच्या अंगावर वळ आहेत, कुणाचं बाळ कुणासारखं दिसतं, कुठे सासू दूध पुरत नाही म्हणून टोमणे मारते, सगळं तिला दिसतं. आमची आई अत्यंत सज्जन, पण माहितीची भुकेली. समोरच्या बंगल्यातल्या सुनेला सातव्याच महिन्यात बाळ झालं होतं, आणि लग्नाची तारीख आईला पाठ होती. आईने हौसाबाईंना मुद्दाम आल्याचा चहा केला, बशीत चार बिस्किटं ठेवली आणि म्हणाली, "समोरचं बाळ सातव्या महिन्याच्या मानाने चांगलंच बाळसेदार आहे म्हणतात."

हौसाबाईंनी घोट घेतला. "चहात साखर कमी हाय."

आईने साखर घातली, पुन्हा विचारलं. हौसाबाई पुन्हा घोट घेऊन म्हणाल्या, "आता जास्त झाली." पाटली चढवली आणि गेल्या. त्यांचं एकच पालुपद होतं, न्हाणीतलं न्हाणीत. पाणी मोरीतून वाहून जातं, तसं बघितलेलंही जायला पाहिजे.

आता शुभाबद्दल. तिला सोरायसिस आहे. लग्न ठरण्याआधी तिने मला एका हॉटेलात बोलावून, कॉफी यायच्या आत बाही वर करून कोपर दाखवलं होतं. लाल चट्टा, वर अभ्रकासारखे पापुद्रे. म्हणाली, "हा जातो, येतो. संसर्गजन्य नाही. तुम्हाला चालणार नसेल तर कॉफी माझ्याकडून." मला ती तिथेच आवडली. चालेल म्हणालो. "तुमच्या आईंना?" तिने विचारलं. मी योग्य वेळी सांगतो म्हणालो. ती योग्य वेळ अजून यायची आहे, आई जाऊनही आता बारा वर्षं झाली.

मूल हवं असं ठरल्यावर त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी आधी एक गोळी बंद केली. ही गोळी अंगात असताना दिवस राहता कामा नयेत, काही महिने थांबा, म्हणाल्या. ते महिने आईने कसे काढले ते आमच्या उंबऱ्याला माहीत. मग दिवस राहिले आणि चौथ्या महिन्यापासून शुभाची कातडी निवळत गेली. कोपरं साफ, पाठ साफ. डोहाळजेवणाला तिने आयुष्यात पहिल्यांदा आखूड बाह्यांचं पोलकं घातलं आणि सारखी स्वतःच्याच हातांकडे बघत होती. मी डॉक्टरीणबाईंना विजयी स्वरात विचारलं, गेला ना कायमचा? त्या अस्सल सदाशिव पेठी. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पाहुणे बाहेर गेलेत. सामान इथेच आहे."

मुलगी तीन आठवडे आधी झाली, वजनाला कमी. बारा दिवस काचेच्या पेटीत होती. शुभाने डॉक्टरीणबाईंना एकच प्रश्न विचारला, हे माझ्या कातडीमुळे का? ज्यांचा आजार जोरात असतो त्यांच्यात असं थोडं जास्त दिसतं, तुमच्याच बाबतीत तसं झालं का ते मला सांगता येणार नाही आणि कुणी छातीठोक सांगितलं तर ऐकू नका, असं त्या म्हणाल्या. शुभाने ते अर्धंच ऐकलं. ज्या अर्ध्याने झोप उडते ते अर्धं.

तिसऱ्या आठवड्यात पाहुणे परत आले, आणि गोतावळा घेऊन आले. पाठ, कंबर, मांड्या. हौसाबाई तेव्हा मायलेकी दोघींना न्हाऊ घालत होत्या. पाठीवर तेल सोडलं आणि त्यांचा हात थांबला. शुभाने मला संध्याकाळी सांगितलं, ती रडायलाच आली होती, दाराकडे बघत होती, आता ही बाई ओरडणार. हौसाबाईंनी उठून न्हाणीच्या दाराची कडी लावली. परत बसल्या आणि हळू आवाजात विचारलं, "कवापासनं?"

शुभाने सगळं सांगितलं. हौसाबाईंनी तिचं डाळीच्या पिठाचं उटणं त्या दिवसापासून बंद केलं, कडक शेकही बंद केला आणि नुसतं खोबरेल घेतलं. पण त्यांच्या मनात एक राहिलं होतं, बाळाला लागलं तर? ते त्यांनी मनात ठेवलं नाही. पुढच्या वेळी शुभाबरोबर रिक्षात बसून दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरीणबाईंसमोर उभ्या राहून सरळ विचारलं, दुसऱ्या घरी जाऊन मी दुसरी तान्ही हाताळते, मला खरं काय ते सांगा. डॉक्टरीणबाईंनी शुभाची बाही वर केली, चट्ट्यावर आपला उघडा तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "वीस वर्षं रोज ठेवतेय. मला झालंय का बघा." आणि मग, बाळाला अंगावर पाजायचं, मलम पाजायच्या आधी छातीला लावायचं नाही, चुकून लागलं तर पुसून घ्यायचं, बाकी आईपासून बाळाला काही धोका नाही.

हौसाबाईंनी दोन बोटं टेकवली, मग तळवा टेकवला. त्यानंतर आमच्या घरात त्या पाठीवर न घाबरता हात ठेवणारं माणूस एकच होतं. माझं म्हणाल तर मी मलम कापसाने लावायचो. स्वच्छतेसाठी, असं सांगायचो.

इथे माझी खोड सांगितली पाहिजे. मला गोष्टी रंगवून सांगायची सवय आहे. लग्नकार्यात पंगती उठल्या की लोक माझ्याभोवती खुर्च्या ओढतात, आणि एका मामाचं पाय घसरून पडणं मी पाऊण तास पुरवतो. तर मलम लावता लावता मला एक वाक्य सुचलं. पाठीवरचे चट्टे एकमेकांना मिळत चालले होते, आणि डाव्या बाजूला वरून खाली एक अरुंद पट्टा आला होता. मनात आलं, पाठीवर अख्खा महाराष्ट्र उमटलाय, कोकणपट्टीसकट. वाक्य मला फार आवडलं. ते शुभाला सांगायची सोय नव्हती, एवढी अक्कल मला होती. म्हणून मी ते आमच्या कारखान्याच्या गेटवर चहा पिताना माझ्या मावसभावाला, दिलीपला सांगितलं. तो इतका हसला की चहा शर्टावर सांडला. मी आणखी थोडं रंगवलं. कुणाला सांगू नकोस असंही म्हणालो, म्हणजे माझ्या बाजूने व्यवस्थित झालं.

बाळ पेटीत होतं म्हणून बारसं सव्वा महिन्यावर गेलं होतं. हॉलमध्ये पाळणा, भोवती पंधरा-वीस बायका, हौसाबाई भिंतीशी टेकून बसलेल्या. बारशाला मालिशवालीचा मान असतो. त्यांच्यासाठी आणलेली जांभळी साडी, खण आणि नारळ आईच्या मांडीवर तयार होतं. मी पेढ्यांचा खोका घेऊन दारात. पाळण्याखालून-वरून बाळ ह्या हातातून त्या हातात झालं, नाव रेवती ठेवलं, आणि शुभाने बाळ घ्यायला हात पुढे केले. दिलीपची आई, माझी कमलमावशी, मध्ये आली. तिने बाळ स्वतःच्या छातीशी घेतलं.

"राहू दे माझ्याकडे," ती म्हणाली. मग माझ्या आईकडे वळून, "अक्का, तुला सांगितलं नसेल कुणी. हिची पाठ बघ एकदा. अख्खा महाराष्ट्र उमटलाय म्हणे, कोकणपट्टीसकट. आणि ह्या हातांनी ही तान्ह्या पोरीला पाजते. उगाच नाही पोर पेटीत ठेवावी लागली."

दोन-तीन बायकांना हसू आवरलं नाही. आणि खोटं कशाला लिहू, एका क्षणापुरता माझ्याही ओठांचा कोपरा हलला. आपलं वाक्य लागू पडलं की सांगणाऱ्याचं जे होतं ते झालं. तेवढ्यात माझी नजर वर गेली. हौसाबाई माझ्याकडे बघत होत्या. पाण्यात कोपर बुडवल्यावर त्या जशा थांबायच्या, तशा.

शुभा बघत नव्हती. तिचे हात अजून पुढेच होते आणि नजर बाळावर होती.

आईने मांडीवरची साडी बाजूला ठेवली. तिला फसवल्याचा राग सुनेवर काढायचा होता, पण सून सव्वा महिन्याची बाळंतीण होती. "हौसाबाई," ती म्हणाली, "आमच्या घरातलं आम्हालाच बाहेरून कळावं ना?"

"म्या बोलले न्हाई."

"मग कोण बोललं? सुनेची पाठ तुमच्याशिवाय बघितली कुणी?"

ह्या प्रश्नाचं सरळ उत्तर त्या खोलीतल्या प्रत्येक लग्न झालेल्या बाईला ठाऊक होतं. पण बायकांच्या समारंभात, सासूसमोर, सुनेची पाठ नवरा बघतो हे बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती. सगळ्या पाळण्याच्या फुलांकडे बघत बसल्या. मी पेढ्यांचा खोका घेऊन उभा होतो. तोंड उघडायला दोन क्षण लागले असते. मी खोक्याची दोरी सोडायला लागलो.

शुभाने तेव्हा पहिल्यांदा हौसाबाईंकडे बघितलं. "मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

हौसाबाई उठल्या. न्हाणीत जाऊन आपली पितळी वाटी घेतली. शुभाच्या जवळ थांबल्या. तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गेल्या. माझ्या अंगावरून जाताना दारात जागा कमी होती, मी खोका पोटाशी घेऊन अंग चोरलं.

पुढचे चार दिवस बाळ माझ्या आईच्या खोलीत होतं, बाटलीवर. शुभा बंद दाराशी बसायची. छाती भरून यायची, पोलकं भिजायचं. आधीच वजनाला कमी असलेल्या पोरीचं वजन आणखी उतरलं. पाचव्या दिवशी शुभाने बाळ उचललं, दुसऱ्या हाताने सासूचा हात धरला आणि दोघींना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तळवा ठेवायचा तोच प्रयोग पुन्हा केला, फक्त ह्या वेळी तळवा आईचा होता. त्या दुपारी आईने बाळ शुभाच्या मांडीवर ठेवलं आणि तिला डिंकाचा लाडू दिला. आमच्या घरात माफी अशीच मागतात. हौसाबाईंना मात्र कुणी लाडू दिला नाही.

त्यांना परत बोलवावं असं मी एकदा सुचवून बघितलं. शुभा म्हणाली, "कमलमावशी बोलल्या त्याचं मला काही नाही, त्या तशाच आहेत. पण मी त्या बाईपुढे उघडी पाठ करून बसत होते." मी मान हलवली. पुढची अनेक वर्षं हा विषय निघाला की मी मान हलवत आलो.

गल्लीत मात्र चार दिवसांत झालं, हौसाबाई घरातलं बाहेर सांगतात. मालिश बरी-वाईट असली तर चालतं, हे चालत नाही. समोरच्या बंगल्यातल्या धाकट्या सुनेने दुसरी बाई लावली. मग तिच्या बहिणीने. वर्षभरात हौसाबाई बाजारात मुलांच्या भाजीच्या ढिगामागे बसलेल्या दिसू लागल्या. मी त्या रांगेने जायचं बंद केलं. शुभाला मी वर्षानुवर्षं लांबच्या फेरीवाल्याकडची सुकलेली मेथी आणून दिली आहे.

रेवती मोठी झाली, हिंजवडीच्या एका कंपनीत लागली. कॉलेजात असताना तिच्याही कोपरांवर चट्टे आले, पण तिने ते कधी लपवले नाहीत. बिनबाह्यांचे कपडे घालून हिंडायची, कुणी विचारलं तर सांगायची, नाही विचारलं तर तुमचं नशीब. गेल्या वर्षी ती बाळंतपणाला आमच्याकडे आली. तिचीही कातडी आठव्या महिन्यात लख्ख झालेली, आणि पाहुणे परत येणार हे तिला पक्कं ठाऊक. मालिशसाठी तिने मोबाइलवर एक बाई ठरवली होती, ती हातमोजे घालून येणार होती. शुभा घेवडा निवडत होती, मी पेपर वाचत होतो. रेवतीने सहज विचारलं, माझ्या वेळी कोण होतं?

"होती एक," शुभा म्हणाली. "मी विश्वासाने पाठ दाखवली, तिने ती गावाला दाखवली."

"म्हणजे काय केलं तिने?"

"म्हणे पाठीवर अख्खा महाराष्ट्र. कोकणपट्टीसकट."

रेवती खळखळून हसली. "आई, हे टिपिकल बाबांचं वाक्य आहे."

पेपर माझ्या तोंडासमोर होता. घेवड्याच्या शेंगा मोडण्याचा आवाज थांबला होता. पेपर खाली केला तेव्हा शुभा माझ्याकडे बघत होती, आणि रेवती हसायची थांबली होती.

शुभा ओरडली नाही, रडली नाही. शेंगांचं ताट बाजूला सारून म्हणाली, "गाडी काढा."

उसाच्या जागी आता बारा मजली इमारती आहेत. हौसाबाई त्यातल्याच एकीच्या पार्किंगला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहत होत्या, मुलाने बिल्डरला जागा देताना तेवढ्या मागून घेतल्या होत्या. दारातच बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढे असतील. उजव्या हातात तीच पाटली, आता सैल झालेली. शुभाला ओळखायला त्यांना जराही वेळ लागला नाही.

"मला आज कळलं," शुभा म्हणाली.

"मला तवाच कळलं व्हतं. ह्या दादांचं तोंड बघितलं व्हतं म्या."

"मग बोलला का नाहीत?"

हौसाबाईंना प्रश्नच कळला नसावा असं त्यांनी तिच्याकडे बघितलं. "ते बी तुझ्या न्हानीतलंच की, पोरी."

गाडीत मी मनातल्या मनात माफी जुळवत आलो होतो. चांगली जुळली होती. सुरुवात होती, शेवट होता. मी पुढे होऊन "हौसाबाई, त्या दिवशी" एवढं म्हणालो, तर त्यांनी हात वर केला.

"तुमी नगा सांगू, दादा. तुमी लई चांगलं सांगता."

मग शुभाला जवळ बसवून तिच्या पाठीवर, पोलक्यावरूनच, तळवा ठेवला. कशी आहे आता, विचारलं. शुभाने सांगितलं, येते, जाते. पोरगी आठव्या महिन्यात आहे, तिलाही हेच आहे. म्हणाली, "तुमच्या हाताने नसेल जमत तर नुसत्या समोर बसा. पण घरी या."

"हात चालत्यात अजून," हौसाबाई म्हणाल्या. "पर म्या यायची न्हाई. पोरीला हिकडं आन. तुमच्या न्हानीची कडी नावालाच हाय."

हे त्या शुभाला सांगत होत्या, माझ्याकडे बघतही नव्हत्या. मग भिंतीचा आधार घेत उठल्या, शुभाला म्हणाल्या, चल आत, बघू दे मला पाठ. त्या पुढे, ती मागे. मी बाहेर दोघींच्या चपलांपाशी उभा होतो. दार लोटलं गेलं. आतून कडी सरकवल्याचा आवाज आला. जुनी लोखंडी असावी, जरा जोर लावूनच बसली.